गच्चीची किल्ली

शालननं आणि मी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर गच्चीवर पिंपं भरली. निळी, प्लॅस्टिकची, झाकण नसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं येणार होती, गच्चीवरचे सिमेंटचे पत्रे काढायला. शालनचं म्हणणं, पाणी आदल्या दिवशीच वर भरलेलं पाहिजे. सकाळी सगळ्या बिल्डिंगला पाणी लागतं, तेव्हा टाकीला कोणी हात लावू देणार नाही.

मी पाइप धरून उभा. ती पिंपात बोट बुडवून बघत होती.

"अगं पाणीच आहे ते. बोट घालून काय कळणार?"

"गाळ आहे का बघते. गाळ असला तर त्यांचा फवारा तुंबेल."

"तुंबला तर ते बघतील."

"ते बघतील, ते बघतील. सगळी बिल्डिंग ह्यावरच चाललीय. पाइप नीट धरा, माझ्या अंगावर उडवताय."

पिंपं भरली. तिनं स्वतःची जुनी हिरवी साडी आणली होती, काठ विरलेली. तिचे तुकडे करून पिंपांच्या तोंडांवर बांधले. कावळे पाण्यात पाव बुडवतात, म्हणून. सुतळीच्या गाठी मारायला लागली तेव्हा मी म्हटलं, निरगाठ नको मारूस, सकाळी सुटायची नाही.

"सकाळी मीच सोडणार आहे. तुम्हाला कशाला काळजी?"

मग गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि आम्ही खाली आलो. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण तेवढंच सारखं डोळ्यासमोर येतं.

मला लिहायची सवय नाही. सातवीत शाळा सोडली आणि आयुष्यभर रिक्षा चालवली, डोंबिवली ते शीळफाटा. वैशू, आमची मुलगी, म्हणाली, बाबा, आईबद्दल बोलता ते लिहून काढा. म्हणून बसलोय. गोड गोड लिहिता येणार नाही. शालनही काही गोड बाई नव्हती.

ती घरी ब्लाऊज शिवायची. त्यामुळे असेल, कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायची. साडी घेताना, पिशवी घेताना, अगदी स्टीलचं पातेलं घेताना बुडाशी बघायची. दुकानदार वैतागायचे. "ताई, समोरून बघा ना, समोरून केवढं छान दिसतंय." ती म्हणायची, "समोरून तुम्ही दाखवताय. मागून मला बघू द्या." भाजीवाल्या बाईकडे कोबी घेतला तरी उलटा. मी रिक्षात बसून हॉर्न वाजवायचो. हॉर्नचा तिच्यावर कधी परिणाम झाला नाही.

मलाही तिनं असंच उलटं करून बघितलेलं. आमच्या वेळी मुलगी बघायला मुलाकडचे जायचे. आम्ही गेलो, पोहे खाल्ले, परत आलो. दोन दिवसांनी ती आणि तिची आत्या आमच्या विठ्ठलवाडीच्या खोलीवर हजर. न सांगता. माझी आई पिठाच्या हातांनी दारात उभी. शालननं नमस्कार केला आणि मान वर करून छपराकडे बघत बसली. माझ्याकडे नाही, छपराकडे.

"वर काय आहे?" तिनं विचारलं.

आई म्हणाली, "कौलं आहेत बाई. गळत नाहीत."

"पत्रे नाहीत ना?"

"नाहीत."

"मग चालेल," म्हणाली आणि चहा घेतला. आई नंतर कितीतरी दिवस सांगत फिरत होती, सुनेनं माझा मुलगा नाही, माझी कौलं पसंत केली. मलाही तेव्हा गंमतच वाटली. त्यामागचं कारण लग्नानंतर तिच्या माहेरी गेलो तेव्हा कळलं.

माझे सासरे पत्र्याच्या आणि पाइपाच्या कारखान्यात होते. सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस नावाचं काहीतरी मिसळतात, त्याच्या गोण्या फोडायचं काम. मी बघितले तेव्हा ते काम सोडून घरी बसलेले होते. वय काही फार नव्हतं. जेवायला बसले की दोन घास खायचे आणि थांबायचे. जेवण नसून चढण असल्यासारखं. पुन्हा दोन घास. सगळ्यांचं उरकायचं, हात सुकायचे, तरी त्यांचं ताट अर्धं. कोणी उठायचं नाही. शालन त्यांच्या बाजूला बसून उगाच मिठाची वाटी इकडची तिकडे करायची, म्हणजे तीही अजून जेवतेय असं वाटावं.

ती लहान असताना ते घरी यायचे ते पांढरे होऊन. ती त्यांचा शर्ट गॅलरीत झटकायला घ्यायची आणि ते आतून ओरडायचे, "शालू, झटकू नको! आधी भिजव!" कारखान्यात त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. एका जुन्या कामगारानं एवढंच सांगितलेलं, ओलं असलं की उडत नाही. पुढे ते गेले. सर्टिफिकिटावर काय लिहिलं मला माहीत नाही. शालनला विचारलं तर म्हणाली, "श्वास लिहिलाय असं समजा."

आता आमच्या बिल्डिंगचं. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. गच्ची गळायची म्हणून सोसायटीनं कधीकाळी वर राखाडी पत्र्यांची शेड घातली. सगळे त्याला सिमेंटचे पत्रे म्हणायचे. शालनपण. पत्र्यांची तिला धास्ती, तरी सिमेंट म्हटल्यावर माणसाला सिमेंटच डोळ्यासमोर येतं. शिवाय सासऱ्यांच्या कारखान्यातला माल तिनं कधी पाहिला नव्हता, तिनं पाहिला तो शर्ट.

शेड घालून उरलेले तुकडे गच्चीवर पडून होते. उन्हाळ्यात बायकांना ते सोन्यासारखे. तुकडे धुवायचे, वर जुनं धोतर पसरायचं आणि त्यावर कुरडया घालायच्या. पत्रा तापतो, खालूनही ऊन लागल्यासारखं होतं, कुरडई लवकर वाळते. ही युक्ती तळमजल्यावरच्या कुलकर्णीबाईंची. शालनही दर वर्षी तेच करायची. गच्चीची किल्लीही त्यामुळेच तिच्याकडे आली. कबुतरं हाकलायला दिवसातून दहा वेळा वर जाणारी तीच.

दोन उन्हाळ्यांमागे दुपारी वावटळ आली. शेडचा एक पत्रा सुटला आणि कुरडयांच्या बाजूलाच पडून फुटला. बायका धोतरं गोळा करायला धावल्या. शालनही धावली, पण तिनं सवयीनं फुटका तुकडा उचलून उलटा केला. फुटलेल्या कडेला बारीक पांढरी लव होती. कापूस पिंजल्यासारखी. तिनं तुकडा हळूच खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसली.

मी वर गेलो तेव्हा तशीच बसलेली. मला वाटलं ऊन लागलं.

"हे बाबांच्या शर्टावरचं आहे," ती म्हणाली.

मग उठली, खालून बादली आणली, फुटलेल्या सगळ्यावर पाणी ओतलं. ओले तुकडे ओल्या चादरीत गुंडाळले, ती चादर प्लॅस्टिकमध्ये. आणि पुढचं जे केलं त्यानं बिल्डिंगमध्ये दंगा झाला. तिनं सगळ्यांच्या कुरडया उचलल्या आणि टाकायला काढल्या.

कुलकर्णीबाई तिच्या अंगावरच आल्या. "अहो मोरेवहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? गव्हाचा चीक आहे तो! तीन दिवस गहू भिजवलेत, हात मोडून आले वाटून वाटून!"

"माझ्याही टाकतेय ना."

"तुमच्या टाका! आमच्या का?"

"तुमच्या नातवाला खायला घालणार आहात, म्हणून."

कुलकर्णीबाई दोन महिने बोलल्या नाहीत. शालनला त्याचं वाईट वाटलं, पण तिला वाईट वाटलं की ती जोरात मशीन चालवायची, बोलायची नाही.

त्याच वर्षी पालिकेची नोटीस आली. बिल्डिंगला तीस वर्षं झाली की यादीतल्या इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची आणि दाखला द्यायचा, असा कायदा आहे. ती सोसायटीची जबाबदारी. आमचे सेक्रेटरी सामंतसाहेब, बँकेतून रिटायर, माणूस वाईट नाही पण घाईचा. खालच्या पार्किंगमध्ये सभा भरली. साहेबांनी दाखला वाचून दाखवला. इमारत पायापासून गच्चीपर्यंत तपासली, सुस्थितीत आढळली, वगैरे. लोकांनी माना हलवल्या. चहा यायचा होता.

शालन मागून उठली. "हे इंजिनिअर कधी येऊन गेले?"

"आले होते वहिनी. मागच्या आठवड्यात."

"गच्चीवर गेले होते?"

"म्हणजे काय! लिहिलंय ना गच्चीपर्यंत."

शालननं कमरेची किल्ली काढून वर धरली. "ही एकच आहे. माझ्याकडे कोणी मागितली नाही."

आधी कोणीतरी मागे खोकलं, मग हसू फुटलं. सामंतसाहेब लाल झाले. "वहिनी, अनुभवी माणसाला खालून अंदाज येतो."

"येत असेल. मी पण अंदाजानं तुमच्या मिसेसचा ब्लाऊज शिवते, बघा बसतो का."

सामंतबाई सगळ्यांत जोरात हसल्या. तो दाखला तिथेच राहिला.

मग ठाण्याहून, नौपाड्यातल्या एका ऑफिसातून, दुसऱ्या इंजिनिअर आल्या. बाई होत्या, तरुण, पाठीला बॅग. शालननं त्यांना गच्ची, टाकी, जिना, पाइप उतरतात ती डक्टची पोकळी, सगळं दाखवलं. मॅडम पत्र्यांशी बराच वेळ थांबल्या. तो गुंडाळून ठेवलेला तुकडा बघून म्हणाल्या, हा कोणी ओला करून ठेवला? शालन म्हणाली, मी. मॅडम म्हणाल्या, बरं केलंत. नमुना तपासायला पाठवला. निघालं तेच. ॲस्बेस्टॉस.

कमिटीपुढे त्यांनी सरळ सांगितलं. पत्रा अख्खा आहे तोवर तो स्वस्थ असतो. फुटला, कापला, घासला की त्यातले तंतू उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, छातीत जाऊन बसतात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. तुमचे पत्रे तडकलेत, काढावे लागतील. पण भिजवून, अख्खे, गुंडाळून, आणि ज्यांना ह्या कचऱ्याची परवानगी आहे त्यांच्याच गाडीत. भंगारात नाही. आणि वर चढणाऱ्या माणसाला आधी सांगायचं की हे काय आहे.

"हे सांगायचं कोणी? ठेकेदारानं ना?" सामंतसाहेबांनी विचारलं.

"तोही सांगेल. पण आधी मालकानं सांगायचं."

"मालक म्हणजे?"

"सोसायटी. तुम्ही सगळे."

त्या दिवशी घरी आल्यावर शालन पोळ्या लाटत होती. लाटता लाटता थांबली. म्हणाली, "बाबांना कोणीतरी सांगायचं होतं. कोणीतरी मालक होता ना तिथे." मी पोळीला तेल लावलं.

कमिटीनं मात्र खर्च ऐकला आणि हात आखडता घेतला. सामंतसाहेबांना कोणीतरी एक माणूस दाखवला. तो म्हणाला, दोन मजूर हातोडे घेऊन येतात, फोडून डक्टमधून खाली टाकतात, दुपारपर्यंत गच्ची मोकळी. सगळ्यांना ते पटलं. संक्रांतीनंतरच्या सभेत मंजूर करायचं ठरलं. आमच्या सभेला पुरुष यायचे, बायका वरून गॅलरीतून ऐकायच्या. शालन एकटी खाली. एकटीचं कोण ऐकतं? मी होतो तिच्या बाजूनं, पण माझ्या बोलण्यानं भांडण होतं, काम होत नाही. तिनंच मला सांगितलेलं, तुम्ही तोंड उघडू नका.

तिनं संक्रांतीचं हळदीकुंकू काढलं. सगळ्या बिल्डिंगच्या बायकांना आमंत्रण. कुलकर्णीबाईंना स्वतः जाऊन सांगून आली. त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यांना अशा वेळी कोणी बोलवत नसे. त्या आल्या आणि दारातच थांबल्या. शालननं पहिलं कुंकू त्यांनाच लावलं. दोघींनी कुरडईचा विषय काढला नाही.

वाण म्हणून तिनं काय द्यावं? इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्याच्या बाटल्या. बायका हसून हसून बेजार. "अहो मोरेवहिनी, लोक वाट्या देतात, डबे देतात, हे काय?" तिनं तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "चला, गच्चीवर जाऊन येऊ." सगळ्या जरीच्या साड्या सावरत वर गेल्या. मी आत बसलेलो, त्यामुळे तिथे काय बोलणं झालं ऐकलं नाही. खाली आल्या तेव्हा हसत नव्हत्या. सामंतबाई तेवढ्या जिन्यात म्हणाल्या, "माझी गॅलरी त्या डक्टलाच लागून आहे."

सभेच्या दिवशी बायका खाली आल्या. सगळ्या. खुर्च्या पुरेनात. वॉचमन आणखी खुर्च्या आणायला लागला आणि जागा करायला त्यानं कोपरा झाडायला घेतला, कोरड्या झाडूनं. धूळ उठली, पुढच्या ओळीतले खोकायला लागले. कुलकर्णीबाईंनी पिशवीतून ती फवाऱ्याची बाटली काढली, उठल्या आणि फरशीवर फस्‌ फस्‌ मारलं. "भिजवून झाड रे बाबा. एवढी साधी गोष्ट." धूळ बसली. त्यानंतर फार बोलायची गरज पडली नाही. सामंतसाहेबांनी बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मॅडम सांगतील तसं."

तर असं होऊन ती सकाळ ठरली. आणि आदल्या दिवशी आम्ही पिंपं भरली.

खाली आल्यावर तिनं चहा टाकला. आलं किसताना म्हणाली, छातीत जड वाटतंय, जिने चढून झालं असेल. चहा उतू गेला. तिच्या हातून चहा कधी उतू गेला नव्हता, म्हणून मी उठलो. सामंतसाहेबांनी गाडी काढली. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी प्रयत्न केले. दिवे लागले तेव्हा संपलं होतं. हार्ट म्हणाले. पत्र्यांशी त्याचा काही संबंध नाही, मी मुद्दाम विचारलं. नंतर भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. माझं काय, ते कोणी बोललं नाही.

नर्सनं एका पिशवीत तिच्या वस्तू दिल्या. मंगळसूत्र, बांगड्या, आणि गच्चीची किल्ली.

सामंतसाहेब माझ्याबरोबर बाकावर बसलेले. वैशू बंगळूरहून निघायची होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार, तोवर शालनला तिथेच ठेवायचं होतं. साहेब हळूच म्हणाले, "मोरे, उद्याची माणसं मी परत पाठवतो. नंतर बघू."

"नंतर कधी?"

"अहो, घरात एवढं झालंय. सुतक आहे. लोक काय म्हणतील?"

"सुतक मला आहे. पत्र्यांना नाही. परत पाठवलीत की पुन्हा कोणीतरी हातोडा घेऊन येईल."

साहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या माणसांना फोन केला नाही.

सकाळी मी आंघोळ केली आणि किल्ली घेऊन जिना चढलो. दर मजल्याला दारं उघडी होती, लोक उभे होते. कुलकर्णीबाई, गुडघे दुखत असून, मागून चढत होत्या. गच्चीच्या दाराशी माणसं थांबलेली. पांढरे कपडे, तोंडाचे ते मोठे मास्क गळ्यात लटकवलेले. त्यांचा मुकादम म्हणाला, "काका, त्या बाई कुठायत? म्हणाल्या होत्या, मी आल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही."

"त्यांनी मला पाठवलंय," मी म्हटलं.

कुलूप काढलं. आत गेलो. पिंपं जशीच्या तशी. साडीवर दव पडलेलं.

मुकादम फवारा जोडायला लागला. मी म्हटलं, "थांबा. आधी सगळे इकडे या." ते आले. त्यातल्या कोणी माझं ऐकायची गरज नव्हती, त्यांना माझ्याहून जास्त माहीत असणार. तरी मी सांगितलं. "हे सिमेंटचे पत्रे दिसतात, पण ह्यात ॲस्बेस्टॉस आहे. फुटलं की उडतं. छातीत जातं. माझे सासरे त्यानंच गेले. आम्ही ह्याचे मालक आहोत, म्हणून तुम्हाला सांगतोय." एक जण मान खाली घालून ऐकत होता. त्यानं मास्क वर चढवला. मग बाकीच्यांनीही.

मी पहिल्या पिंपाशी बसलो. सुतळी सोडायला गेलो तर निरगाठ. तिनं निरगाठच मारलेली, सगळीकडे. पाण्यानं आणखी घट्ट झालेली.

"कापू का काका?" मुकादमानं कटर पुढे केलं.

"नको."

नखांनी सुटेना म्हणून मी दात लावले. कुलकर्णीबाई बाजूला येऊन दुसऱ्या पिंपाची गाठ सोडायला बसल्या. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. सगळ्या गाठी सुटल्यावर मी हिरव्या साडीचे तुकडे झटकले नाहीत, तसेच ओले घडी करून काखेत धरले, आणि फवाऱ्याचा पाइप पाण्यात सोडला.